ॲनिमे-मांगाचा पैसा मुरतो कुठे?

गच्चीवरचा_वारा (धागाकर्ती)

सप्टेंबर २०२५. भाच्याने मला पहाटे पाचला उठवून सहाच्या शोला नेलं. 'डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल'. बाहेर पावसाची भुरभुर, पार्किंगला जागा नाही, आणि आत अर्धी पोरं हिरव्या-काळ्या चौकटींचे अंगरखे घालून बसलेली. शेजारच्या मुलीने बांबूचं नळकांडं तोंडात धरलं होतं. (कथेतली नेझुको तसं धरते. हे मला नंतर कळलं, आधी वाटलं दातांचं काही दुखणं असेल.) मी गेली पंधरा वर्षं पुण्यात बसून जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते, दोन वर्षं ओकायामाला राहून आले, आणि तरी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, हा पोरखेळ असंच धरून चालले होते. घरी येताना डोक्यात भुंगा शिरला: हे एवढं मोठं झालं कसं, आणि ह्यातला पैसा जातो कुठे? महिनाभर जपानीतले अहवाल आणि मुलाखती वाचल्या. हाती लागलं ते इथे टाकते. चुकलं तर हाणा.

आधी आकडा. जपानी ॲनिमेशन संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये ॲनिमेची बाजारपेठ ३ लाख ३४ हजार कोटी येनांची होती. येनला पंचावन्न-साठ पैसे धरा. म्हणजे आपले दोन लाख कोटी रुपये, थोडे इकडेतिकडे. त्यातले १ लाख ७२ हजार कोटी येन परदेशातून आले. निम्म्याहून जास्त! ह्यात नुसती तिकिटं नाहीत. बाहुल्या, कीचेन, गाण्यांचे कार्यक्रम, अगदी पाचिंको नावाची जुगाराची यंत्रंसुद्धा धरली आहेत.

पण पाणी खरं झिरपतं ते मांगातून, म्हणजे जपानी कॉमिक्समधून. शुएइशा प्रकाशनाचं 'शोनेन जम्प' १९६८ पासून निघतं. टेलिफोन डिरेक्टरीसारखं जाडजूड, कागद जेमतेम रद्दीच्या लायकीचा, आत वीसेक मालिका, प्रत्येकीची आठवड्याला एकोणीस-वीस पानं. वाचून झालं की लोक लोकलच्या फळीवर ठेवून उतरतात. त्यात एक पोस्टकार्ड असतं. वाचकाने आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. ह्या कार्डांवर मालिकेचं आयुष्य ठरतं. नवी मालिका तळाला राहिली तर दहाएक आठवड्यांत गुंडाळतात, लेखक कितीही मोठा असो. 'ड्रॅगन बॉल' १९८४ मध्ये सुरू झालं तेव्हा तेही कार्डांत मागे पडलं होतं. तोरिशिमा नावाच्या संपादकाबरोबर बसून त्याचे लेखक-चित्रकार तोरियामांनी कथेत कुस्त्यांची स्पर्धा आणली आणि मालिका वर गेली. म्हणजे आपण ज्याला लेखकाची प्रतिभा म्हणतो, तिच्या मानेवर दर आठवड्याला दहा-बारा वर्षांच्या मुलांचा हात होता. मला हे भयंकर वाटतं आणि आवडतंही.

१९९४ च्या शेवटी ह्या साप्ताहिकाचा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला होता. जपानची लोकसंख्या साडेबारा कोटी, करा हिशेब. पुढे 'ड्रॅगन बॉल' आणि 'स्लॅम डंक' संपले तसा खप घसरला. आज छापील अंक दहा-अकरा लाखांवर आहे. पण धंदा बुडाला का? छे. २०२३ मध्ये जपानात मांगाची विक्री ६९ हजार कोटी येनांची झाली आणि त्यातले सत्तर टक्के मोबाइलच्या पडद्यावर.

आता ॲनिमे. 'डेमन स्लेयर'चं मांगा २०१६ ते २०२० चाललं, २३ खंड. एप्रिल २०१९ मध्ये ॲनिमे येण्याआधी प्रती ३५ लाखांच्या घरात होत्या. २०२१ मध्ये १५ कोटी! ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन कोविडात, आलेल्या त्याच्या 'मुगेन ट्रेन' ह्या चित्रपटाने एकट्या जपानात ४,०४० कोटी येन कमावले आणि दिग्दर्शक मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'चा एकोणीस वर्षांचा विक्रम मोडला.

हे पैसे स्टुडिओला मिळत असतील असं मला वाटायचं. तसं नाही. ॲनिमे काढताना 'सेइसाकु इइनकाइ' बसते, म्हणजे निर्मिती मंडळ. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, गाण्यांची कंपनी, खेळणीवाला, जाहिरातवाला असे पाच-दहा जण वर्गणी काढतात. बुडालं तर थोडं थोडं सगळ्यांचं बुडतं, चाललं तर वर्गणीच्या प्रमाणात वाटा. आणि स्टुडिओ? तो ठेकेदार. ठरलेली रक्कम घ्या, भाग बनवून द्या, नमस्कार. वर सांगितलेल्या अवाढव्य बाजारपेठेपैकी स्टुडिओंच्या हाती साधारण आठवा हिस्सा येतो. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. इथे तळं खणणाऱ्यालाच ओंजळभर पाणी.

गंमत अशी की 'डेमन स्लेयर'च्या मंडळात तिघंच होते: निर्मिती कंपनी ॲनिप्लेक्स, शुएइशा आणि स्टुडिओ युफोटेबल स्वतः. म्हणून त्यांचं भलं झालं. बाकीच्यांचं काय, ते जाणकारांनी सांगावं.

मेतकूट_भात

माहिती छान जमवली आहे, पण मूळ मुद्दा राहिला. त्या भल्यामोठ्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि रक्ताच्या चिळकांड्या ह्यात संस्कृती कुठली? नातू दिवसभर तेच बघतो. आमच्या वेळी दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं. मोगली, बघीरा, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. काय जरब होती! त्याला म्हणतात कार्टून.

काजवा२२

काका, ते ॲनिमेच आहे. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये काढलेलं, बावन्न भागांचं. दूरदर्शनने १९९३ मध्ये हिंदी करून दाखवलं. तुम्ही आमच्या आधीपासून ओताकू (ॲनिमेवेडे) आहात, स्वागत :)

मेतकूट_भात

बरं. नाना तरी आपलाच होता ना!

शेवटचा_बाक

काकांची खेचू नका रे. हिंसेचं मला तितकंसं वाटत नाही, माझं दुखणं निराळं आहे.

आमची कन्या तिसरीत. घरात मराठी, शाळा मराठी, आजूबाजूला मराठी. तरी ती भातुकली हिंदीत खेळते. 'बचाओ' म्हणते, 'वाचवा' म्हणत नाही. हे डोरेमॉन आणि शिनचॅनचं देणं. २००५-०६ पासून ही दोन्ही कार्टूनं आपल्याकडे हिंदीत आली आणि पोरांच्या दोन पिढ्यांनी हिंदी शिकली ती शाळेत नव्हे, नोबिताकडून. आणि हे फक्त आपल्याकडे घडलेलं नाही. बांगलादेशने २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉनवर बंदीच घातली, कारण तिथली मुलं घरात हिंदी बोलायला लागली होती. जपानी मांजर, हिंदी बोलणार आणि भांडण बंगालीशी!

जपानी परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये डोरेमॉनला 'ॲनिमे राजदूत' नेमलं होतं, समारंभ करून. राजदूत त्यांचा आणि प्रचार हिंदीचा, फुकटात.

गच्चीवरचा_वारा

शेवटचा_बाक, अगदी! माझा भाचा चित्रपटात जपानी आवाज ऐकतो पण भावनेच्या भरात 'अरे यार, मर गया ये' म्हणतो. पोस्टरवर भाषा होत्या जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू. तमिळ आणि तेलुगूवाल्यांना आपापल्या भाषेत मिळालं, कारण तिथे डबिंगचा चित्रपट त्याच भाषेत चालतो हे वितरकाला ठाऊक आहे. महाराष्ट्रात हिंदीवर भागतं हेही ठाऊक आहे. हा दोष जपान्यांचा नाही.

रेघोट्या

ताई, तुम्ही विचारलंत 'बाकीच्यांचं काय', म्हणून इतके दिवस नुसता वाचनमात्र असूनही लिहितो. मी मुंबईत ॲनिमेशन करतो, बारा वर्षं झाली. जपानी काम थेट केलं नाही, पण तिथे राबलेल्या दोघांबरोबर एका टेबलावर बसलो आहे.

काम असं चालतं. मुख्य चित्रं काढणारा तो 'गेंगा'वाला. हात वर, हात खाली, अशा ठळक अवस्था तो काढतो. मधली चित्रं भरणारा तो 'दोउगा'वाला. नवखा माणूस इथून सुरुवात करतो आणि त्याला नगावर पैसे मिळतात, एका चित्राला दोनशे येनांच्या आसपास. तिथल्या ॲनिमेटरांच्या संघटनेने २०१५ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, त्यात दोउगावाल्याचं सरासरी वार्षिक उत्पन्न ११ लाख १३ हजार येन निघालं. सगळ्या ॲनिमेटरांची सरासरी ३३ लाख, आणि तेव्हा देशातल्या नोकरदारांची सरासरी ४१ लाखांच्या पुढे. नंतरच्या पाहण्यांत सरासरी वर सरकली आहे, पण तळाचा माणूस तळालाच आहे. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या एका अहवालातसुद्धा ह्या उद्योगाचं नाव आलं.

अर्धा_कप

११ लाख येन म्हणजे साडेसहा लाख रुपये. चित्रं काढून? इथे इंजिनीअर पोरं साडेतीनवर लागतात. रडतात कशाला?

रेघोट्या

अर्धा_कप, तोक्योत एका खोलीचं भाडं महिना साठ-सत्तर हजार येन आहे. बारा महिन्यांचे सात-आठ लाख तिथेच गेले. उरल्या तीन-चार लाखांत वर्षभर जेवण, प्रवास, वीज, विमा. आणि नगाचा हिशेब लावा: दोनशेने अकरा लाख म्हणजे वर्षाला साडेपाच हजार चित्रं, महिन्याला साडेचारशेच्या वर. एका चित्रात तलवार, केस, अंगरख्यावरच्या चौकटी सगळं आलं. ताईंनी सांगितलेला तो हिरवा-काळा अंगरखा आहे ना, त्याच्या चौकटी कुणीतरी चित्रागणिक जुळवलेल्या असतात. थिएटरमध्ये मला पात्रापेक्षा अंगरखाच दिसतो.

ह्याचं मूळ कुठे आहे सांगतो. तेझुका ओसामू हे मांगाचे देव. त्यांनी १ जानेवारी १९६३ पासून 'तेत्सुवान आतोमु', म्हणजे 'ॲस्ट्रो बॉय', दर आठवड्याला टीव्हीवर आणलं. आठवड्याला अर्धा तास ॲनिमेशन ही तेव्हा वेडेपणाची गोष्ट होती. त्यांनी युक्त्या काढल्या: सेकंदाला चोवीसच्या जागी आठ चित्रं, बोलताना फक्त ओठ हलवायचे, जुनी चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरायची. आणि वाहिनीला भाग विकला खर्चापेक्षा खूपच स्वस्तात. भरपाई मेइजीच्या चॉकलेटबरोबर मिळणाऱ्या आतोमुच्या स्टिकरांसारख्या मालातून आणि परदेशी विक्रीतून. चित्रात तोटा, खेळण्यात नफा. ही गणितं आजपर्यंत चालत आली. त्यांचा स्टुडिओ मुशी प्रॉडक्शन १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेला. तिथले लोक ह्याला 'तेझुकांचा शाप' म्हणतात. पण दर कमी नसता तर टीव्हीवर ॲनिमे आलंच नसतं असंही म्हणणारे आहेत, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही कोण बरोबर.

अपवादही सांगायला हवा. क्योतो ॲनिमेशन. योको हात्ता ह्या बाईंनी शेजारपाजारच्या गृहिणींना घेऊन रंगकामापासून सुरू केलेला स्टुडिओ, तोक्योपासून लांब. लोकांना महिन्याच्या पगारावर ठेवतात, घरात शिकवतात, आणि ते पडद्यावर दिसतं. जुलै २०१९ मध्ये एका माथेफिरूने त्यांच्या इमारतीला आग लावली. ३६ जण गेले. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणी कोणाशी बोललं नव्हतं.

आजीची_पेटी

वाचून सुन्न झाले.

थोडं अवांतर, पण ह्याच विषयातलं. आजच्या मांगाच्या आधी जपानात 'कामिशिबाइ' होतं, कागदी नाटक. १९३० च्या सुमारास सायकलवर लाकडी चौकट बांधून माणूस गल्लीत यायचा, दोन लाकडं एकमेकांवर आपटून पोरांना गोळा करायचा, आधी गोळ्या-चॉकलेटं विकायचा आणि मग चित्रं सरकवत गोष्ट सांगायचा. ज्याने गोळी घेतली तो पुढे बसणार! आणि गोष्ट ऐन रंगात आली की 'पुढचं उद्या'. टीव्ही आला तेव्हा लोक त्याला 'विजेचं कामिशिबाइ' म्हणायचे. मिझुकी शिगेरू, शिराटो सांपेइ अशी पुढची मोठी मांगाकार मंडळी ह्या चित्रांवर हात साफ करून आलेली.

हे वाचलं की मला कुडाळजवळचं पिंगुळी आठवतं. ठाकरांची चित्रकथी. एकेक चित्र पुढे धरून रामायण सांगायचं, सोबत वीणा आणि टाळ. तिथले चित्रकथीकार परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा चार दिवस पेपरात फोटो आले. कामिशिबाइवाल्यांना टीव्हीने पोटावर मारलं तेव्हा ते छापील मांगात शिरले, कारण शिरायला तसा धंदा होता. आपल्या चित्रकथ्यांना शिरायला काय होतं?

कोपऱ्यातला_माठ

'चांदोबा' होता, 'चिंटू' होता, 'अमर चित्र कथा' होती. पण आठवड्याला चारशे पानं कॉमिक विकत घेणारा वाचक नव्हता. आईबाप म्हणायचे, चित्रांची पुस्तकं काय वाचतोस, धडा वाच. जपानात ऑफिसला जाणारा बाप्या लोकलमध्ये उभा राहून मांगा वाचतो. स्वयंपाकाचं, गोल्फचं, दारूच्या दुकानाचं, माहजोंगचं. आपण कॉमिक दहाव्या वर्षी सोडवतो. फरक तिथे आहे.

रामायणावरून आठवलं. जपानी दिग्दर्शक युगो साको १९८३ मध्ये इथे उत्खननावर माहितीपट करायला आले, रामायणाने भारावले आणि आपले ॲनिमेटर राम मोहन ह्यांच्यासोबत 'द लेजंड ऑफ प्रिन्स राम' केला. 'परदेशी माणूस रामाचं कार्टून काढतोय' म्हणून तेव्हा विश्व हिंदू परिषदेने निषेध नोंदवला. तोच चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये थाटात पुन्हा प्रदर्शित झाला आणि सगळे म्हणाले, वा, काय भक्तिभाव!

शेवटचा_बाक

आणि उलटा प्रयोगही झालाय. बेसबॉलवरचं एक जुनं गाजलेलं मांगा घेऊन त्याचं क्रिकेट केलं, गोष्ट मुंबईत आणली, नाव 'सूरज: द रायझिंग स्टार', डिसेंबर २०१२ मध्ये कलर्सवर. मुंबईच्या वस्तीतला मुलगा, कठोर बाप, सगळं जुळवलेलं. कुणाला आठवतंय? मलाही नाही. पोरांना तोक्योचाच नोबिता हवा असतो. त्याच्या घरातली सरकती दारं आणि तो दोरायाकी नावाचा गोड पदार्थ. मुंबई तर त्यांना खिडकीतून दिसतेच.

काजवा२२

मी सोलापूरचा, बी.एस्सी. दुसरं वर्ष. खरं सांगू का? आम्ही सगळे चोरून बघतच वाढलो. रात्री डाउनलोड, कुणीतरी अनोळखी माणसाने लावलेली इंग्रजी सबटायटलं. माझं इंग्रजी त्याच्यावर सुधारलंय, कुठल्या क्लासवर नाही.

पण ह्या चोरीनेच बाजार तयार केला. क्रंचीरोल ही ॲनिमे दाखवणारी साइट २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथेही लोक बेकायदा व्हिडिओच टाकायचे. २००९ पासून हक्क घेऊन दाखवायला लागले आणि २०२१ मध्ये सोनीने ते ११७.५ कोटी डॉलरला घेतलं. भारतात वर्गणी महिना ७९ रुपयांवर आणली तेव्हा मीही भरली. मांगासाठी शुएइशाने २०१९ मध्ये स्वतःच ॲप काढलं, मालिकेची पहिली तीन आणि शेवटची तीन प्रकरणं फुकट, जपानबरोबर त्याच दिवशी. चोराला हरवायचं तर चोराइतकंच लवकर आणि स्वस्त द्यावं लागतं.

आणि २०१९ मध्ये दिग्दर्शक शिंकाइंचा 'वेदरिंग विथ यू' भारतात लागला तो पोरांनी ऑनलाइन अर्ज करून. पन्नास हजार सह्या पडल्या होत्या. त्यातली एक माझी. तेव्हा आठवीत होतो, वय खोटं टाकलं होतं.

मेतकूट_भात

सोलापुरात लागला होता का?

काजवा२२

नाही काका. पुण्याला मावशीकडे जायचा हट्ट केला, बाबा नाही म्हणाले. सही वाया.

गच्चीवरचा_वारा

काजवा, तुझी सही वाया नाही गेली रे. त्या सह्या नसत्या तर माझ्या भाच्याला सहाचा शो मिळाला नसता.

रेघोट्या, तुमच्या प्रतिसादानंतर मी चित्रपटाची श्रेयनामावली पुन्हा आठवली. दोउगाची यादी धावत गेली तेव्हा आम्ही पॉपकॉर्नचे डबे गोळा करत होतो. त्यात जपानी नावांसोबत कोरियन, व्हिएतनामी वाटणारी नावंही होती. हे काम बाहेर जातं का?

रेघोट्या

जातं, फार पूर्वीपासून. मधली चित्रं आणि रंगकाम कोरिया, चीन, व्हिएतनामला. तोएइ स्टुडिओची तर फिलिपिन्समध्ये स्वतःची शाखा आहे. भारतात अमेरिकन आणि युरोपीय काम जास्त येतं; जपानी काम कमी, कारण हाताने कागदावर काढणारी माणसं आपल्याकडे उरली नाहीत, सगळे थ्रीडीत गेले.

काजवा२२

रेघोट्यादादा, एक विचारू? मी चित्रं काढतो. वही भरलीये. तिकडे जायचं असेल तर काय करू? वर वाचलं सगळं, पगाराचंही वाचलं. तरी विचारतोय.

रेघोट्या

तरी विचारतोयस म्हणजे जाशीलच. मग नीट ऐक.

जपानी आजपासून सुरू कर. पुण्यात वर्ग भरपूर आहेत, सोलापुरात नसेल तर ऑनलाइन लाव. एन-२ (जपानी भाषा परीक्षेची वरून दुसरी पातळी) पर्यंत पोच, नाहीतर दिग्दर्शकाने चित्रावर लिहिलेल्या सूचना कळणार नाहीत. पदवी सोडू नकोस, व्हिसाला ती लागते. सहा महिन्यांचं भाडं साठल्याशिवाय विमानात बसू नकोस. आणि मुलाखतीत विचार: पगार महिन्यावर की नगावर? लाजू नकोस, हाच प्रश्न महत्त्वाचा.

वहीबद्दल. तुझ्या वहीत नव्वद टक्के चेहरे असतील, आणि ते पण डावीकडे बघणारे. सगळ्यांच्या असतात. चेहरे बंद. पुढचे सहा महिने हात काढ. कपबशी धरलेला, एसटीच्या दांड्याला लटकलेला, भाकरी थापताना आईचा. आईचा हात वीस चित्रांत काढ, भाकरी उचलल्यापासून तव्यावर पडेपर्यंत. मग त्यातली पहिली, दहावी आणि विसावी ठेव, बाकीची झाक, आणि मधली सतरा न बघता पुन्हा काढ. जमली की मला व्यनि (खासगी निरोप) कर.